पुन्हा कामावर घ्याल का?

नमस्कार. जुन्या मालकाने आपल्याविषयी वाईट सांगितले तर काय करावे, या विषयावर बोलण्यासाठी वाचनालयाने मला बोलावले, त्यामागे माझा एक संशयास्पद अधिकार आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरातल्या कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात मी 28 वर्षे काढली आणि त्या काळात माणसांविषयी बरे-वाईट सांगणारा तो जुना मालक बहुतेक वेळा मीच होतो. तेव्हा आज मी सांगणार आहे ते टेबलाच्या पलीकडून पाहिलेले आहे.

भोसरीच्या लहान वर्कशॉपांमध्ये ही चौकशी पूर्वी फोनवर व्हायची आणि आजही होते. एक मालक दुसऱ्याला विचारतो, "तुमच्याकडचा तो टर्नर आलाय, कसा आहे पोरगा?" पलीकडचा क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "ठीक आहे." त्या थांबण्यात सगळे आले. कुणीही खोटे बोललेले नसते, कागदावर काही उमटलेले नसते, तरी पोराचे काम हुकते. आणि का हुकले हे त्याला कधीच कळत नाही. या प्रकारावर खात्रीचा इलाज नाही. एवढेच करता येते, की आपल्या कामाची खरी पारख असलेला माणूस आपणच आधी सुचवावा, म्हणजे दुसरा फोन त्याला जातो.

मोठ्या कंपन्यांत मात्र चौकशीचा कागद होतो, आणि जिथे कागद असतो तिथे वाव असतो. उमेदवाराकडून संमतीपत्र घेऊन पडताळणी करणारी संस्था जुन्या कंपनीला एक तक्ता पाठवते. त्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार, सोडण्याचे कारण, हिशेब पूर्ण झाला की नाही, शिस्तभंगाची कारवाई, असे रकाने असतात, आणि बहुधा अगदी शेवटी एक प्रश्न असतो, "या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का?" उत्तर हो किंवा नाही. या उत्तरांवरून अहवालाला रंग मिळतो : हिरवा, पिवळा किंवा लाल. तो तक्ता भरणारा बहुतेक वेळा विभागातला सर्वांत कनिष्ठ कारकून असतो आणि त्या दिवशी त्याच्यासमोर असे वीस तक्ते असतात, हे मी अनुभवाने सांगतो.

एका मुलीच्या बाबतीत तो तक्ता मी स्वतः भरला. तिच्या करारात 90 दिवसांचा नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर काम करण्याची मुदत होती. वडिलांच्या आजारपणामुळे ती 35 दिवसांत निघाली आणि उरलेल्या दिवसांचे पैसे आम्ही तिच्या हिशेबातून रीतसर कापून घेतले. आमच्या संगणकप्रणालीत मात्र मुदत न भरता गेलेल्या प्रत्येकासमोर एकच शेरा आपोआप पडत असे : 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग'. मराठीत याला फरार म्हणतात. जिच्या राजीनाम्यावर माझी सही होती आणि जिला निरोपाच्या दिवशी आम्ही समोसे खाऊ घातले होते, ती मुलगी आमच्या दफ्तरी फरार होती. मी तो शेरा तसाच उतरवला, शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिले आणि जेवायला गेलो.

आठवड्याभराने ती माझ्यासमोर येऊन बसली. तिने जे केले ते मी आजवर अनेकांना सांगत आलो आहे. नव्या कंपनीने नियुक्ती थांबवल्याचे कळल्यावर तिने वाद घातला नाही. तिथल्या अधिकाऱ्याला तिने एवढेच लिहिले, की अहवालात नेमकी कोणती तफावत आहे ते कळवावे, मी पुरावा देईन. बहुतेक लोक इथेच चुकतात. नेमके काय सांगितले गेले हे न विचारताच जुन्या साहेबाशी भांडायला जातात. काही जण तर मित्राला खोट्या कंपनीचा अधिकारी बनवून जुन्या कंपनीत फोन करायला लावतात. कृपा करून ते करू नका. उघडकीला आले तर तक्रार करण्याचे तोंड आपल्यालाच उरत नाही.

तफावत कळली की ती नोंद आहे की मत आहे, हे आधी पाहावे. तारीख, हुद्दा, राजीनाम्याची स्वीकृती, हिशेब या नोंदी आहेत आणि त्या कागदाने दुरुस्त होतात. 'सहकाऱ्यांशी पटत नव्हते' हे मत आहे, आणि ते बदलायला गेलात तर ते अधिक घट्ट होते. माणसे नेमकी उलट करतात. मतामागे महिनोन्‌महिने धावतात आणि चुकलेली तारीख तशीच राहू देतात.

नोंदीसाठी लागणारे कागद नोकरी सोडण्यापूर्वीच घरी असावेत : नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, राजीनाम्याचा आणि स्वीकृतीचा ईमेल, कामातून मुक्त केल्याचे रिलिव्हिंग लेटर, फुल अँड फायनलचा म्हणजे शेवटच्या हिशेबाचा तपशील, पगारातून कापलेल्या कराचा दाखला म्हणजे फॉर्म 16. कंपनीचा ईमेल बंद झाला की पत्रव्यवहारही गेला, म्हणून आपल्या नोकरीविषयीची पत्रे वेळीच वेगळी ठेवावीत. कंपनीच्या कामाची मात्र एकही फाइल उचलू नये. भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिने उलटल्यावर ती आधारच्या आधाराने सदस्याला स्वतः भरता येते. ही सोय 2020 पासून आहे, तरी मला भेटणाऱ्या दहांपैकी आठ जणांना ती ठाऊक नसते.

मताच्या बाबतीत पहिला शब्द आपला असावा. मुलाखतीतच शांतपणे सांगावे, की शेवटच्या सहा महिन्यांत वरिष्ठांशी कामाच्या पद्धतीवरून मतभेद होते, ते कदाचित वेगळे सांगतील. आणि त्याआधीची तीन वर्षे मी ज्यांच्या हाताखाली काम केले, त्यांच्याशी आपण जरूर बोलावे, असेही सांगावे. इथे त्या वरिष्ठांविषयी एकही वाकडा शब्द जाऊ नये, कारण ऐकणारा उद्या स्वतः तुमचा जुना वरिष्ठ होणार असतो.

कायद्याविषयी मला नेहमी विचारतात. कारखान्यातल्या नोकरीच्या अटींविषयीच्या 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत कायम कामगाराला नोकरी संपताना सेवा प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क होता. परंतु प्रमाणपत्र मिळणे वेगळे आणि त्यात चांगले लिहून मिळणे वेगळे. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 356 आहे, मात्र स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने सांगितलेल्या गोष्टीला त्यातच अपवाद दिलेला आहे, आणि जुना मालक त्याचाच आडोसा घेतो. दिवाणी दावा करायचा तर मुदत 1 वर्षाची. ब्रिटनमध्ये 1994 साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने, निष्काळजीपणे दिलेल्या शिफारशीबद्दल जुन्या मालकाला जबाबदार धरता येते असा निकाल दिला. आपल्याकडे त्याचा दाखला देऊन भांडता येईल, पण तोवर हातची नोकरी वाट पाहत थांबत नाही. माझ्या पाहण्यात दाव्यापेक्षा वकिलाची नोटीस अधिक कामाला आली आहे, आणि नोटिशीपेक्षाही कागद जोडलेले साधे, सभ्य पत्र.

वैतागून कुणाच्या तरी लेटरहेडवर बनावट अनुभवपत्र करून घेणाऱ्यांविषयी मी फार बोलत नाही. वाईट शेऱ्यातून माणूस बाहेर येतो. बनावट कागद सापडला तर आपल्या बाजूने बोलणारा कुणी उरत नाही.

त्या मुलीने माझ्यापुढे तीन कागद ठेवले : माझ्या सहीची स्वीकृती, कापलेल्या पैशांचा हिशेब आणि वडिलांच्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड. "सर, माझी तारीफ करू नका. फक्त जे झालं ते लिहून द्या," ती म्हणाली. मी त्याच दुपारी पडताळणी संस्थेला कळवले, की राजीनामा रीतसर स्वीकारलेला होता, उरलेल्या मुदतीची रक्कम वसूल झाली असून कोणतीही बाकी नाही, आणि आधीचा शेरा आमच्याकडून चुकून गेला. 'पुन्हा घ्याल का' या रकान्यातला 'नाही' मात्र मला बदलता आला नाही. मुदत न भरणाऱ्याला परत घ्यायचे नाही हे कंपनीचे धोरण होते आणि त्यावर माझी सही पुरत नव्हती. तिचा अहवाल लालाचा पिवळा झाला. हिरवा झालाच नाही. नव्या कंपनीने तिला पिवळ्यावर घेतले, आणि आमच्या प्रणालीतून 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' हा आपोआप पडणारा शेरा काढून टाकायला मला पुढे 14 महिने लागले.