चिठ्ठीत 'पाऊस' निघाला की कुठलं गाणं द्यायचं

नमस्कार मंडळी, ऐकताय ना? आज मी तुमच्याशी एका खेळाबद्दल बोलणारय, जो आम्ही परभणीत मित्रमंडळी मिळून खेळतो आणि त्याला आम्ही ज्यूकबॉक्स म्हणतो. अंताक्षरी तर तुम्हाला सगळ्यांना माहितीय, तिथं गाणं अक्षरावरनं येतं, इथं येतं विषयावरनं, आणि गायचं काहीच नसतं, फक्त निवडायचं असतं. आता कुणी म्हणेल त्यात काय मोठं, मोबाईलवर शोधलं की शंभर गाणी निघतात. निघतात ना, पण त्या शंभरातलं एक, जे बारा जणांना शांत बसून ऐकावं वाटेल, ते काढायचं म्हणजे डोकं लागतं आणि थोडं मनही लागतं.

आधी खेळ सांगतो. एका डब्यात चिठ्ठ्या असतात, त्यावर विषय लिहिलेले, पाऊस, रेल्वे, बाजार, औषध, रात्र असं काहीपण. एक चिठ्ठी काढायची. मग प्रत्येकानं दोन गाणी निवडून शुक्रवारी रात्रीपर्यंत त्या वेळी जो ज्यूकबॉक्स सांभाळतोय त्या एकट्याला व्हॉट्सॲपवर पाठवायची, ग्रुपवर टाकायची नाहीत, कारण कुणाचं गाणं कुठलं ते गुपित राहिलं पाहिजे. तो माणूस क्रम लावतो. रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी गच्चीवर सतरंजी टाकायची, ब्लूटूथ स्पीकर ठेवायचा, सुशीला, म्हणजे आपला मुरमुऱ्यांचा नाश्ता, आणि चहा असतोच, आणि गाणी एकामागून एक लागतात. गाणं चालू असताना बाकीच्यांनी ओळखायचं की हे दिलंय कुणी, बरोबर ओळखलं तर एक पॉइंट. गाणं संपलं की ज्यानं दिलं त्यानं हात वर करायचा आणि मिनिटभरात सांगायचं का दिलं. बारा माणसं धरली तर चोवीस गाणी होतात, साडेतीन मिनिटाचं एक धरलं तर चौऱ्याऐंशी मिनिटं, त्यात बोलणं मिळवा, दोन तास कुठं गेले कळत नाही.

खरा ज्यूकबॉक्स आमच्याकडं कुणी बघितलेला नाही, म्हणजे ते नाणं टाकायचं मशीन. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दारूच्या गुत्त्यात १८८९ साली असलं पहिलं मशीन बसवलं, त्याला आवाज मोठा करायची सोय नव्हती, नळ्या होत्या, त्या कानाला लावून ऐकायचं, ज्याचं नाणं त्याचं गाणं. पुढं विजेवर आवाज मोठा करता यायला लागला तेव्हा गोष्टच बदलली, नाणं टाकायचा एक जण आणि ऐकायची सगळी खोली. आपल्याकडं मुंबईत काही इराणी हॉटेलांत ही मशीनं होती. मराठवाड्यात आपला ज्यूकबॉक्स म्हणजे रेडिओच हो. फर्माईश लिहिलेलं पोस्टकार्ड टाकायचं, त्यावर घरातल्या सगळ्यांची नावं, शेजाऱ्याचं पण एखादं, आणि मग रोज कान लावून बसायचं. विविध भारती १९५७ ला सुरू झाली, तेव्हापासून किती गावांची नावं देशानं ह्या फर्माईशीतनंच ऐकली असतील. फर्माईश करणारा माणूस गाणं स्वतःसाठी मागतो, पण ते ऐकतात सगळे. आमच्या खेळाचं पण तेच आहे, आणि माझं जे म्हणणं आहे ते सगळं ह्याच्यावरच उभं आहे. गाणं तुम्ही निवडताय, पण ते बसून ऐकणारेत दुसरे.

आता पाऊस घ्या. पाऊस हा विषय सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात फसवा तोच आहे. आमची ती चिठ्ठी निघाली तेव्हा मृग कोरडा गेलेला, आर्द्रा लागलं तरी आभाळ नुसतं येऊन जायचं, सोयाबीनचं बी घराघरात आणून ठेवलेलं. आणि यादीत काय आलं, तर सगळी भिजायची गाणी. 'रिमझिम गिरे सावन' तर तिघांनी दिलं. गाणं सुंदरच आहे, त्यात वादच नाही, पण देताना हे तरी सांगा की कुठलं, कारण १९७९ च्या 'मंझिल'मध्ये ते दोनदा आहे, किशोरकुमारचं घरातल्या मैफिलीत बसून आणि लताबाईंचं खऱ्या पावसात भिजणाऱ्या मुंबईत, आणि ह्या दोन्हीचा पाऊस एक नाही. किशोरचं ऐकताना पाऊस खिडकीच्या बाहेर असतो, लताबाईंचं ऐकताना तो तुमच्या डोक्यावर असतो. एकानं तर 'बरसात की रात'मधली ती मोठी कव्वाली पाठवली, 'ना तो कारवाँ की तलाश है', बारा मिनिटांच्या आसपास चालणारी, का तर सिनेमाच्या नावात बरसात आहे म्हणून. कव्वाली म्हणजे काय विचारता, ऐकावी आणि ऐकतच राहावी, पण ती इश्काची आहे, पावसाचा तिथं थेंब नाही. सिनेमाच्या पाटीवरचा शब्द गाण्याला चिकटवायचा हे मला पटत नाही. त्याच सिनेमात 'ज़िंदगी भर नहीं भूलेगी वो बरसात की रात' आहे की, ते द्या.

मग आलं 'घनन घनन', २००१ च्या 'लगान'मधलं. देणाऱ्यानं एकच गोष्ट सांगितली, की ह्या गाण्यात पाऊस पडतच नाही. ढग येतात, सगळं गाव नाचतं, ढोल वाजतात, आणि गाणं संपता संपता ढग निघून जातात, लोक वर बघत राहतात. गच्चीवर कुणी काही बोललं नाही. सगळ्यांच्या घरात बी पडून होतं ना. आता बघा, गाणं सगळ्यांना तोंडपाठ, हजारदा ऐकलेलं, पण त्या आठवड्यात, त्या गच्चीवर, ते पावसाचं सगळ्यात खरं गाणं होतं. मी विषयाचं गाणं म्हणतो ते असलं. विषयाचा शब्द मुखड्यात आला म्हणून गाणं विषयाचं होत नसतं, ऐकणाऱ्याला त्या विषयातलं काहीतरी त्यातनं दिसलं पाहिजे.

'नभ उतरू आलं' पण आलं, ते यायलाच पाहिजे. त्यावर एक जण म्हणाला, हे तर तिकडच्या ठाकर आदिवासींवरच्या सिनेमातलं, आपल्याकडचं कुठंय? आपल्याकडचंच आहे की! 'जैत रे जैत' १९७७ चा, संगीत हृदयनाथांचं, आवाज आशाबाईंचा, सगळं कबूल, पण शब्द ना. धों. महानोरांचे, आणि महानोर म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराजवळचं पळसखेड, स्वतः शेती करणारा माणूस. आभाळ खाली उतरून आल्यासारखं वाटणं हे ज्यानं जून-जुलैत वर बघत दिवस काढलेत त्यालाच सुचतं असं मला मनापासून वाटतं.

आणि त्याच दिवशी एका मामींनी, आमच्यात वयानं सगळ्यात मोठ्या त्याच, गाण्याच्या जागी स्वतःच्या फोनवरचं रेकॉर्डिंग पाठवलेलं. त्यांच्या सासूबाई जात्यावर बसून म्हणायलेत, पावसाला भाऊ म्हणून हाक मारायलेत, भावा ये माझ्या रानात अशी. जात्याची घरघर चालू, बांगड्या वाजायलेत, मधे एकदा कुकरची शिट्टी झाली, आणि त्या थांबल्या नाहीत, शिट्टीच्या वरून ओवी पुढं गेली. एक जण म्हणाला हे कसं चालेल, हे काय गाणं म्हणून कुठं निघालेलं नाही. चाललं पाहिजे, मी तर भांडलोच त्यासाठी. आपल्या बायांच्या ओव्यांचं मोल बाहेरच्यांना केव्हाच कळलंय, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ ह्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या पण आहेत. मग आपल्याच गच्चीवर आपल्याच घरातली ओवी का नको? त्यानंतर दुसऱ्या एकीला 'धोंडी धोंडी पाणी दे' आठवलं, अंगाला लिंबाचा पाला बांधून पोरं दारोदार फिरायची आणि बाया वरून तांब्याभर पाणी ओतायच्या, ते मग आम्ही सगळ्यांनीच म्हटलं, पॉइंट कुणाला द्यायचा तेच कळेना.

रेल्वेच्या विषयाला वेगळीच भांडणं. 'आराधना'मधलं 'मेरे सपनों की रानी' चालेल का? शब्द बघितले तर आख्ख्या गाण्यात रेल्वे नाही, रेल्वे आहे ती पडद्यावर, शर्मिला टागोर गाडीत आणि राजेश खन्ना जीपमध्ये. ज्यूकबॉक्सला तर पडदा नसतो. माझं मत असं झालंय की सुरुवातीचे सूर वाजले आणि बसलेल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोर आपोआप ती डोंगरातली छोटी गाडी आली तर गाणं चालतं, आणि समजावून सांगावं लागलं, 'अरे त्या सीनमधे मागं गाडी जाते बघ', तर नाही चालत. आमच्यातल्या जुन्या माणसांना झुकझुकगाडीचं कुठलंही गाणं लागलं की बार्शी लाईट आठवते, कुर्डुवाडी ते लातूर, अडीच फुटी रूळ, ती सांगायला बसले की पुढचं गाणं थांबवावं लागतं, आणि थांबवावंच, घाई काय आहे.

पण रेल्वेला ज्यानं बाजी मारली तो आमचा लातूरचा दोस्त. त्यानं दिलं 'अल्ला मेघ दे, पानी दे', 'गाइड'मधलं, सचिनदेव बर्मन स्वतः गायलेत ते. सगळे म्हणाले अरे हे पाण्याचंय, विषय रेल्वेय, चिठ्ठी नीट वाचली का? गाणं संपल्यावर त्यानं हात वर केला आणि म्हणाला, २०१६ चा एप्रिल आठवा. १२ एप्रिलला मिरजेहून पाणी घेऊन पहिली गाडी लातूरला आली, दहा वॅगन, एकेकीत पन्नास हजार लिटर, पाच लाख लिटर पाणी रुळांवरनं आलं. तो म्हणाला, माझ्यासाठी रेल्वे म्हणजे ती गाडी, आणि ती बघायला स्टेशनवर उभी राहिलेली माणसं जे मनात म्हणत होती ते ह्या गाण्यात आहे. मिनिटभरच बोलला तो. रेल्वेची भारी भारी गाणी होती त्या दिवशी, पण माझ्या मनात तेच राहिलंय, आणि कुणी विचारलं की विषयाला गाणं कसं शोधायचं तर मी हेच उदाहरण सांगतो. आधी स्वतःला विचारायचं की ह्या विषयाचं माझ्याकडं काय आहे, आठवण, माणूस, गाव, एखादी गोष्ट, आणि मग त्याला शोभेल असं गाणं बघायचं. मोबाईलमध्ये शब्द टाकून शोधायला गेलात की जगाला सापडतं तेच तुम्हाला सापडणार.

हसवणारी गाणी पण द्या बरं का. औषध ह्या विषयाला कुणीतरी 'विंचू चावला' दिलं, शाहीर साबळ्यांच्या आवाजातलं. पहिल्या ओळीला सगळे हसले. पण ते पैठणच्या नाथमहाराजांचं भारूड आहे, विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि पुढं त्यावरचा उतारा पण सांगितलाय, तमोगुण मागं सारा, सत्त्वगुणाचा अंगारा लावा. म्हणजे औषध अगदी लिहून दिलंय हो, डॉक्टरनं द्यावं तसं! इतकं चपखल गाणं मी त्या विषयाला दुसरं नाही ऐकलं.

क्रम लावणाऱ्यासाठी थोडं सांगतो. पहिलं गाणं सगळ्यांच्या ओळखीचं ठेवा, त्यात लोक सतरंजीवर बसतात, चहा वाटला जातो, आवाज खाली येतो. अनोळखी गाणं तिसरं-चौथं. एकाच आवाजाची दोन गाणी लागोपाठ नकोत, लताबाईंची असली तरी नकोत, दुसऱ्याचा रंग जातो. आणि ज्या गाण्यावर देणारा माणूस जड मनानं बोलणारय असं तुम्हाला वाटतंय, त्याच्या मागं लगेच नाचाचं गाणं ठेवू नका, मधे एखादं नुसतं वाद्याचं किंवा हळू चालीचं असू द्या.

आणि एक नियम आमच्याकडं कडक आहे, कुणाचं गाणं चालू असताना 'बंद कर रे, पुढचं लाव' म्हणायचं नाही. आवडलं नाही तरी पूर्ण ऐकायचं. एखादी शाळकरी पोरगी हल्लीचं रॅप देते, एखादे काका कुणी न ऐकलेलं नाट्यपद देतात, दोघांनीपण ते देताना दोन दिवस विचार केलेला असतो, त्यांना तीन-चार मिनिटं देणं हे आपल्याला जमलंच पाहिजे. मी बघितलंय, कमी बोलणारी माणसं गाण्यातनं जे सांगून जातात ते एरवी कधी सांगत नाहीत.

तुम्ही घरी खेळणार असाल तर पाच-सहा जण पण पुरतात, आणि विषय साधे ठेवा, घरातल्या वस्तूचे सुद्धा चालतात. आमची आत्ताची चिठ्ठी निघालीय 'दार'. वाटतं त्याच्यापेक्षा खोल आहे हो हा विषय. सुधीर फडक्यांचं 'उघड दार देवा आता' कुणीतरी देणार हे नक्की. नाथांचं 'बया दार उघड' आहे. मुक्ताबाईचे ताटीचे अभंग आहेत, रुसून आत बसलेल्या थोरल्या भावाला धाकटी बहीण बाहेरून समजावते, ताटी म्हणजे झोपडीचं दारच की. कॉलेजच्या पोरांना वेगळंच काही सुचेल, हॉस्टेलच्या दाराचं वगैरे. माझी दोन गाणी ठरलीत, पण ती काही मी आत्ता सांगत नाही, कारण आमच्या ग्रुपातले तिघं-चौघं तरी आत्ता रेडिओ लावून बसलेत, आणि शुक्रवार अजून लांब आहे.

नमस्कार.