फोनसारखा कानाला लावायचा उंदीर

श्रोतेहो, नमस्कार. दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून आईला फोनवर सांगितलं, "घरात पिंजरा आणलाय उंदरांचा." तिनं लगेच विचारलं, "मग, सापडला का?" आता काय सांगणार! आमच्या पिंजऱ्यात भुरी आणि चिंगी होत्या, निराधार प्राणी सांभाळणाऱ्या एका संस्थेतून मुद्दाम आणलेल्या.

इकडे हा नाद जुना आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता; वेगळ्या रंगाचा उंदीर हाती लागला की तो मारायचा नाही, वाढवून विकायचा.

पण पाळलेले उंदीर निराधार होतात कसे? दुकानातून दोन माद्या म्हणून आणायच्या आणि त्यातला एक नर निघायचा. गर्भ तीन आठवड्यांचा, पिल्लं पाच-सहा आठवड्यांत वयात येतात, आणि व्यायल्यावर दिवसभरातच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पुढचा हिशोब तुम्हीच करा. म्हणून संस्थेतल्या बाईंनी माझी उलटतपासणीच घेतली. पिंजरा केवढा? उंदरांवर इलाज करणारा डॉक्टर जवळपास आहे का? मी भीत भीत म्हटलं, "एकच दिला तर?" उत्तर आलं, "नाही. एकटा उंदीर झुरतो."

पहिल्याच आठवड्यात भुरीच्या नाकाखाली लाल डाग दिसला. माझे हातपाय गळाले. ओल्या कापसानं पुसलं, कापूस गुलाबी झाला. ते रक्त नव्हतं. उंदराच्या डोळ्यामागच्या ग्रंथीतून पॉर्फिरिन नावाचं लाल द्रव्य झिरपतं. उंदीर आजारी असला किंवा धास्तावला की जास्त. भुरीचं दुखणं छातीचं होतं. मायकोप्लाझ्मा हा जंतू बहुतेक पाळीव उंदरांच्या अंगात ठाण मांडून असतो. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधानं दबतो, पण पुरता जात नाही. त्यात मुताच्या अमोनियाची भर नको, म्हणून पिंजरा वेळच्या वेळी साफ हवा. खाली मी हौसेनं पाइनचा सुगंधी भुसा घातला होता. तो वासच छातीला वाईट! त्या दिवसापासून कागदाचे तुकडे.

एक युक्ती संस्थेतल्या बाईंनी शिकवली. उंदीर उचलायचा आणि फोनसारखा कानाला लावायचा. नुसती धडधड ऐकू आली तर उत्तम. घरघर, टिकटिक ऐकू आली तर डॉक्टर गाठायचा. उंदीर आणताना तिथल्या तिथे हे करून बघा, लाजू नका. घरी आधीचे उंदीर असतील तर नव्यांना दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा.

दीड वर्षाची झाल्यावर चिंगीच्या काखेत बोराएवढी गाठ लागली. उंदराच्या मादीचं स्तनाचं पेशीजाल मानेपासून जांघेपर्यंत पसरलेलं असतं, त्यामुळे गाठ कुठेही येते. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण वाढून वाढून चालणं मुश्कील करतात. शस्त्रक्रिया ठरली. कुत्र्याच्या अनुभवावरून मी विचारलं, "रात्रीपासून उपाशी ठेवू ना?" डॉक्टर हसले. उंदराला उलटी होतच नाही, त्यामुळे तसं उपाशी ठेवायचं कारण नाही.

या जिवांचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं. भुरी गेल्या महिन्यात गेली. चिंगीचे मागचे पाय आता ओढतात, म्हणून पिंजऱ्याचा वरचा मजला काढून टाकलाय आणि पाण्याची बाटली खाली बांधलीय. शनिवारी तिच्या सोबतीला संस्थेतून एक म्हातारी आणायची आहे. आधी तिला कानाला लावून बघीन.