तैपेईचा टांगलेला गोळा

नमस्कार, श्रोतेहो. उंच इमारतीच्या माथ्यावर पोहोचलेला माणूस आधी खिडकी गाठतो. खाली मुंग्यांएवढ्या मोटारी, आगपेट्यांसारखी घरं. दोन फोटो काढले की संपलं. तैवानच्या राजधानीतल्या ‘तैपेई १०१’मध्ये मात्र लोक खिडकीकडे पाठ करून कठड्याशी गर्दी करतात.

इमारत ५०८ मीटर उंच. २००४च्या अखेरीस ती खुली झाली आणि २०१०मध्ये दुबईची बुर्ज खलिफा येईपर्यंत जगात सर्वांत उंच होती. बांबूच्या पेरांसारखे आठ टप्पे, प्रत्येकात आठ मजले. चिनी लोकांत आठ हा आकडा भरभराटीचा. पाचव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरलात की ३७ सेकंदांत ८९वा. आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं तेवढ्यात दारसुद्धा लागत नाही!

पण लोक थांबतात ते एका गोळ्यापाशी. सोनेरी रंगाचा, साडेपाच मीटर व्यासाचा, ६६० टन वजनाचा. पोलादाच्या जाड चकत्या एकमेकींना जोडून केलेला आणि ९२व्या मजल्यावरून पोलादी दोरांनी टांगलेला.

हा कशासाठी? तैवानला वादळं नवी नाहीत, भूकंपही नवे नाहीत. इमारतीचं काम चालू असतानाच, ३१ मार्च २००२ला, भूकंपानं वरच्या क्रेन कोसळल्या आणि पाच जणांचा जीव गेला.

वारा जोराचा सुटला की एवढी उंच इमारत डोलणारच. झोपाळ्यावर आपण उलट्या वेळी रेटा दिला, की झोका मंदावतो ना? गोळ्याचं काम तसंच. इमारत एका बाजूला कलते, जड गोळा मागे रेंगाळतो आणि तिला उलट खेचतो. खाली तेलाचे दट्टे बसवलेत. हेलकाव्याचा जोर त्यांत उष्णता होऊन जिरतो. ऑगस्ट २०१५च्या सौदेलोर वादळात हा गोळा मधल्या जागेपासून तब्बल एक मीटर सरकला होता.

मला यातलं धाडस आवडतं, ते उंचीपेक्षा वेगळं. असली यंत्रणा एरवी बंद दाराआड असते, ‘प्रवेश निषिद्ध’ची पाटी लावून. इथे आपली इमारत हलते, हे तिकीट लावून दाखवलंय.

आणि त्याच गोळ्याला डोळे, हातपाय लावून एक बाहुलंही केलंय. त्याचं नाव ‘डॅम्पर बेबी’; डॅम्पर म्हणजे हेलकावे शमवणारा. पोरं ते घेतल्याशिवाय खाली उतरत नाहीत म्हणे.