टर्रर्र... टक! साइड मिररच्या आत नेमकं काय चालतं

(दृश्य: गिरगावातली अरुंद गल्ली, रात्र. गाडी लॉक होते, दोन्ही आरसे आत वळतात.)

हा आवाज ऐकलात ना? टर्रर्र आणि शेवटी हलकासा टक. रात्री मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या कंपाउंडमध्ये उभे राहा, थोड्या थोड्या वेळाने हा आवाज येतोच, कोणीतरी गाडी लॉक करून लिफ्टकडे निघालेलं असतं आणि मागे दोन्ही साइड मिरर दारांना चिकटत असतात. तीनेक सेकंदांचं काम, आणि आपण ते वळूनसुद्धा बघत नाही.

आज आपण वळून बघणार आहोत. तो आरसा उघडून आत काय आहे ते नीट बघायचंय, कारण आत जे बसवलंय ते खरंच फार विचारपूर्वक बसवलंय. जिथे घट्ट धरून ठेवायचं तिथे ते धरतं, आणि जिथे जबरदस्ती झाली तर सोडून द्यायचं तिथे बरोबर सोडतं. ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे प्रत्येक पार्टमध्ये ती दिसेल.

आधी हे सगळं हातानेच चालायचं. काच खाली करायची, हात बाहेर काढून आरसा ढकलायचा, आणि डाव्या बाजूचा असला तर शेजारी बसलेल्याला सांगायचं, थोडा बाहेर, नाही नाही जास्त झाला, आता वर. जुन्या बऱ्याच गाड्यांना तर डावा आरसा कंपनीकडून यायचाच नाही. मग आतून हलवायची छोटी दांडी आली, तिला मागे तीन केबल, त्या ओढल्या की काच हलते. ती साधी गोष्ट अजूनही स्वस्त मॉडेल्समध्ये दिसते आणि ती बिघडतेही कमी. त्यानंतर मोटर.

(दृश्य: काच काढलेला आरसा, मागचा काळा गोल भाग जवळून.)

हे बघा. काच काढल्यावर मागे हा जो काळा गोल डबा दिसतो त्यात दोन छोट्या 12 व्होल्टच्या मोटरी आहेत. एक वर-खाली करते, दुसरी आत-बाहेर. काच ज्या प्लेटवर बसते ती प्लेट मधोमध एका गोल बॉलवर टेकलेली असते, आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी, सगळीकडे झुकू शकते. मोटर फिरली की वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, फिरतो, त्यावरून आटे असलेला एक दांडा पुढे किंवा मागे सरकतो आणि प्लेटची एक कड ढकलतो किंवा ओढतो. बस, काच झुकली.

आता वर्म गिअरच का? तर त्याचा एक मोठा गुण आहे, मोटर गिअरला फिरवू शकते पण उलट बाजूने गिअरला जोर लावून मोटर सहसा फिरवता येत नाही. म्हणजे करंट बंद झाला तरी काच जिथे ठेवली तिथेच राहते. अटल सेतूवर 100 च्या स्पीडने चाललात, समोरून समुद्राचा वारा आदळतोय, तरी तुमचा आरसा सरकत नाही, आणि तो धरून ठेवायला बॅटरीतून काहीच खर्च होत नाही.

पण मग कोणी बाहेरून हाताने काच दाबली तर गिअर तुटेल ना? नाही तुटत. मध्ये एक स्लिप होणारा क्लच असतो. जोर ठराविक मर्यादेबाहेर गेला की तो सुटतो आणि घसरतो. तुम्ही स्विच दाबून धरलात आणि काच शेवटाला पोचली की टक टक टक असा आवाज येतो, लोक घाबरतात की काहीतरी तुटलं, तर तो हाच क्लच असतो, स्वतः घसरून मोटरला वाचवतो. घाबरू नका, फक्त बोट उचला.

आणि स्विचचं डोकं तर अजून छान आहे. दोन मोटरी, प्रत्येकीला दोन दिशा, म्हणजे चार हालचाली, पण बऱ्याच गाड्यांत वायरी मात्र तीनच. एक वायर दोन्ही मोटरींना कॉमन. काच वर करायची तर वर-खालीच्या वायरला प्लस आणि कॉमनला मायनस, खाली करायची तर तेच उलटं. डीसी मोटरची वायर उलटी केली की ती उलटी फिरते, सगळा खेळ त्यावर. मेमरीवाल्या, म्हणजे आरशाची जागा लक्षात ठेवणाऱ्या, गाड्यांमध्ये याच डब्यात काच कुठल्या कोनात आहे ते मोजणारे सेन्सर असतात, म्हणून रिव्हर्स टाकला की आरसा आपोआप खाली झुकून फुटपाथची कड दाखवतो आणि परत जागेवर येतो.

इथे थोडं थांबू, कारण हे महत्त्वाचं आहे. आरसा 1 अंश फिरला की त्यातली नजर 2 अंश फिरते, कारण प्रकाश आत येताना आणि परत जाताना दोन्हीकडे फरक पडतो. 20 मीटर मागे हे 2 अंश म्हणजे जवळजवळ 70 सेंटिमीटर. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला डावीकडून घुसणारी बाईक दिसणं आणि न दिसणं यातला फरक एवढाच असतो. म्हणून बारीक बारीक हलवता येणारी मोटर ही चैन आहे असं मला अजिबात वाटत नाही. सीटवर नेहमीसारखं बसा, आरसा इतका बाहेर करा की स्वतःच्या गाडीची फक्त एक बारीक कड दिसेल. अर्धा आरसा स्वतःचंच दार बघण्यात घालवणारे खूप लोक आहेत. आणि त्यात काच बहिर्वक्र असते, बाहेरच्या बाजूला फुगलेली, त्यामुळे जास्त भाग दिसतो पण मागची गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते, हे पण लक्षात असू द्या.

(दृश्य: आरसा उघडतो, बंद होतो, स्लो मोशनमध्ये.)

आता फोल्डिंग. जपानमध्ये 1983 पर्यंत आरसे बॉनेटच्या कडेला, फेंडरवर लावावे लागायचे. मग दारावर लावायची परवानगी मिळाली, गाडी दोन्ही बाजूंनी जास्त बाहेर आली, आणि तिकडच्या गल्ल्या आणि पार्किंग आपल्यासारखीच चिंचोळी. 1984 ची निसान लॉरेल ही इलेक्ट्रिक फोल्डिंग आरसे असलेली पहिली गाडी मानली जाते. म्हणजे ही सोय जन्मली तीच अरुंद जागेच्या गरजेतून, लालबागच्या गल्लीत किंवा स्टॅक पार्किंगच्या पाळण्यावर गाडी चढवताना ती आपल्याला इतकी जवळची का वाटते ते यातून कळतं.

रचना अशी, की दाराला एक पोकळ खुंटा पक्का बसवलेला असतो, सगळ्या वायरी त्याच्या आतून जातात. खुंट्यावर एक गिअर असतो. मोटर असते आरशाच्या डोक्यात. मोटर चालू झाली की तो गिअर फिरत नाही, तो खुंट्याला धरून बसलेला असतो, त्यामुळे मोटर स्वतःच त्याच्याभोवती फिरते आणि सोबत अख्खा आरसा घेऊन जाते. शेवटाला अडली की करंट वाढतो, सर्किटला ते कळतं आणि ते सप्लाय तोडतं. तो शेवटचा टक म्हणजे हेच.

पण तो गिअर खुंट्याला धरून बसतो तो कायमचा नाही. खाली एक जाड स्प्रिंग आणि खाचा असतात. रिक्षा घासून गेली, कोणाची पिशवी अडकली, की खाचा एकमेकींवरून उडी मारतात आणि आरसा मोडण्याऐवजी पुढे किंवा मागे वळतो. हे फक्त आरसा वाचावा म्हणून नाही बरं का, चालणाऱ्या माणसाला लागू नये म्हणून आहे. युनोच्या 46 नंबरच्या रेग्युलेशनमध्ये आरशावर लोलक आपटून बघायची टेस्टच आहे. असा धक्का बसल्यावर आरसा जरा सैल, लटपटता वाटतो. हाताने जोर लावू नका, बटणाने एकदा पूर्ण बंद करा आणि पूर्ण उघडा, मोठा कट्ट आवाज येईल आणि खाचा परत जागेवर बसतील. गॅरेजला जायच्या आधी हे एकदा करून बघाच.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. ट्रॅफिकमध्ये आरसे बंद करून गाडी चालवणारे लोक दादरपासून अंधेरीपर्यंत रोज दिसतात, आरसा घासेल म्हणून. आरसा घासला तर वळतो, तो त्यासाठीच तसा बनवलाय. मागून येणारा बाईकवाला वळत नाही. प्लीज चालवताना आरसे उघडे ठेवा.

(दृश्य: पावसात खंडाळ्याचा घाट, धुकं, ओला आरसा.)

राहिला हीटर. काचेच्या मागे एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, तिच्यात करंट सोडला की ती तापते. ताकद फार नाही, एका आरशाला साधारण 10 ते 25 वॉट. बहुतेक गाड्यांत वेगळं बटण नसतं, मागच्या काचेचा डिफॉगर लावला की आरसेही तापतात. आपल्याला बर्फ वितळवायचा नाहीये, मग उपयोग काय? तर पावसाळ्यात हवा पाण्याने इतकी भरलेली असते की काच जराशी थंड असली तरी तिच्यावर वाफ बसते. काच आजूबाजूच्या हवेपेक्षा थोडी जरी गरम ठेवली तर ती बसतच नाही, आणि बारीक थेंबही सुकतात. घाटात धुकं लागलं की याची किंमत कळते. धो धो पावसात मात्र मोठे थेंब येतच राहतात, तिथे हीटर कमी पडतो, तिथे काच स्वच्छ असणं जास्त कामाचं, तेलकट थर असला की पाणी अडकून राहतं.

यातल्या चांगल्या फिल्मा पीटीसी प्रकारच्या असतात, म्हणजे जितक्या तापतील तितका करंटला अडथळा वाढवणाऱ्या. प्लास्टिकमध्ये कार्बनचे कण मिसळलेली शाई. गरम झाली की प्लास्टिक फुगतं, कण लांब जातात, करंटला वाट कमी मिळते आणि तापणं आपोआप मंदावतं. थंड झाली की परत वाट मोकळी. थर्मोस्टॅट नाही, कॉम्प्युटर नाही, ती शाईच स्वतःला आवरते.

मुंबईत हे सगळं खराब होतं ते मुख्यतः दमट खाऱ्या हवेने. कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, खुंट्यातल्या वायरी रोज वाकून वाकून तुटतात, आणि आरशाच्या कव्हरला खाली पाणी जायची बारीक भोकं असतात ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं. ती भोकं धुताना मोकळी करत जा.

आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर आरसा बदलायला गेलात तर आधी आपल्या कनेक्टरच्या पिना मोजून जा. साधारण 3 म्हणजे नुसती काच हलणारा, 5 म्हणजे फोल्डिंगवाला, 7 असतील तर हीटर पण, इंडिकेटर असेल तर त्याच्या अजून वेगळ्या. नव्या गाड्यांत दाराच्या कॉम्प्युटरवरून सिग्नल जातात तिथे हा हिशोब लागू पडत नाही, तिथे जुना पार्ट नंबर दाखवूनच घ्या. नुसती काच घेत असाल तर ती उलटी करून बघा, मागे हीटरची दोन चपटी टोकं आहेत की नाही, कारण समोरून दोन्ही काचा अगदी सारख्या दिसतात.