चिपळूणची मोरी, दाभोळची खाडी

(दृश्य: गच्चीवरची दोरी, वाळत घातलेले कपडे)

चिपळूणमधली एक गच्ची. दोरीवर शाळेचे टेरिकॉटचे युनिफॉर्म, दोन लेगिंग, एक सिंथेटिक साडी, ट्रॅकपँट. निखळ सुती म्हणावं असं एकच, आजोबांचं धोतर.

आत वॉशिंग मशीन नुकतंच थांबलंय. त्यातली जाळीची पिशवी उलटी केली की बोटांना ओला, राखाडी लगदा लागतो. यात सूत आहे, केस आहेत आणि पॉलिस्टरही आहे. पाण्याची बाटली ज्या प्लास्टिकची, त्याचाच हा धागा. जाळीत अडकलं ते एवढंच. त्याहून बारीक होतं ते मोरीतून केव्हाच गेलं.

किती गेलं असेल? इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली हिशोब मांडला. ६ किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यात ७ लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. एका धुण्यात!

५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिक म्हणजे मायक्रोप्लास्टिक. नाव घेतलं की डोळ्यांसमोर येते ती किनाऱ्यावरची फाटकी पिशवी. तीही उन्हाने पिचते, तिचाही भुगा होतो. पण काही प्लास्टिक कचऱ्यात जायची वाटच बघत नाही, वापरता वापरता झिजतं. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या २०१७च्या अहवालात अशा, मुळातच बारीक होऊन समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकची विभागणी आहे. सुमारे ३५ टक्के सिंथेटिक कपडे धुण्यातून, २८ टक्के टायरमधून. फेसवॉशमधल्या ज्या प्लास्टिकच्या दाण्यांवर एवढी ओरड झाली, त्यांच्यासारख्या प्रसाधनांचा वाटा जेमतेम २.

(दृश्य: परशुराम घाट, उतरणीवरचे ट्रक)

घाटाखाली पंक्चरवाल्याच्या दारात गोटा झालेले टायर रचलेत. हात फिरवून बघा, पाटीसारखे गुळगुळीत. नवे होते तेव्हा खाचेत बोटाचं टोक बसत होतं. मग तेवढं रबर गेलं कुठे? टायर ‘संपला’ म्हणतो आपण, आणि विषय संपतो.

ते रबर या वळणांवरच आहे. टायरमध्ये झाडाच्या चिकाचं रबर असतं, तसं पेट्रोलियमपासून केलेलंही. भरलेला ट्रक ब्रेक दाबत उतरतो, काळी पूड कडेच्या धुळीत मिसळते. मृगाचा पाऊस पडला की गटार, गटारातून ओढा, ओढ्यातून वाशिष्ठी नदी.

(दृश्य: दाभोळ, खाडीचं मुख)

मोरीचं पाणी आणि घाटाची पूड, दोन्ही वाशिष्ठीबरोबर इथे समुद्राला मिळतात. पाण्याकडे बघून काहीच कळत नाही. पॉलिस्टर आणि टायरची पूड समुद्राच्या पाण्याहून जड, त्यामुळे बरंचसं तळच्या गाळात बसतं. कोळंबी चरते तीही तळालाच.

काठावर एक जण जाळं सांधतोय. पूर्वी जाळी सुताची असत. कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत, तरी कुजतच. नायलॉन आलं, कुजणं थांबलं. तो फाटका भाग ब्लेडने कापतो, नवी गाठ मारतो. हिरवे तुकडे पायाशी वाळूत पडलेत.