विंचू चावलाय का कधी?

नमस्कार श्रोतेहो. मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनआधी आम्ही पेशंटला भंडावून सोडतो: बीपी आहे का, दमा आहे का, दात हलतो का, सकाळी चोरून चहा घेतलात का. त्यात मी एका प्रश्नाची भर घातली आहे. विंचू चावलाय का कधी? लोक हसतात.

एका सिझरच्या वेळची गोष्ट. पाठीत सुई गेली, पाण्यासारखा स्वच्छ थेंब आला, म्हणजे जागा बरोबर. बुपिव्हाकेन हे भुलेचं औषध दिलं. एरवी पाचेक मिनिटांत पाय जड होतात. या बाई पंधराव्या मिनिटालाही पाय हलवत होत्या, चिमटा काढला की "आई गं!" अशा वेळी आधी शंका घ्यायची ती आपल्याच हातावर. 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअरनं ही भूल स्वतःच्या पाठीत घ्यायचं ठरवलं, तेव्हा सिरिंजच सुईला नीट बसेना! आमचीही चूक बहुतेक वेळा अशीच साधी असते. पण इथे ती सापडेना. शेवटी पूर्ण भूल दिली, बाळ सुखरूप आलं. नंतर सासूबाई सहज म्हणाल्या, "विंचू ना? दोनदा चावलाय तिला, भातकापणीत."

नसेतून संदेश धावतो तो सोडियमच्या बारीक दारांमधून. भुलेचं औषध ही दारं बंद करतं. विंचवाचं विषही याच दारांवर बसतं, पण ती उघडी धरून ठेवतं. म्हणून तर एवढी कळ. दंशानंतर काहींना भूल का चढत नाही? पुढे दारांतच फरक पडतो, की विषाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं औषधाला आडवी येतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. दंश झालेल्या प्रत्येकाला असं होतं, असंही नाही. मात्र आपल्याकडच्या भूलतज्ज्ञांनी असे पेशंट नोंदवले आहेत.

कोकणात लाल विंचवानं किती घरं उद्ध्वस्त केली! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या साध्या गोळीनं कितीकांना मृत्यूच्या तोंडातून ओढून आणलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा वाचलेली माणसं आज हर्नियासाठी, बाळंतपणासाठी आमच्या टेबलावर येतात. दंश हा काही आजार नव्हे, म्हणून सांगायचं राहून जातं. किती वेळा चावला, साधारण कधी, एवढं सांगितलंत तरी पुरे. आम्ही पूर्ण भुलेची तयारी आधीच करून ठेवतो. आणि सुरी लागण्याआधी चिमटा दुखला, तर लाजू नका, "दुखतंय" म्हणा.

त्या बाईंच्या डिस्चार्ज कार्डावर मी लाल शाईनं लिहून दिलं: विंचूदंश, दोनदा. पाठीतली भूल चढली नाही.