हात केव्हा आवरायचे

(दृश्य: कोविडच्या साथीतला अतिदक्षता विभाग. पीपीई किट घातलेली माणसं एका पलंगाभोवती जमतात.)

डोक्याशी उभा असलेला डॉक्टर मोठ्यानं तीन आकडे मोजतो. तिसऱ्या आकड्याला सगळे मिळून पेशंटला कुशीवर घेतात, नळ्या मोकळ्या करतात आणि मग पालथं करतात. घशातली नळी जागची हलता कामा नये, सलाइन ओढलं जाता कामा नये. खांद्यापाशी उभी असलेली मुलगी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचं सगळं लक्ष पेशंटच्या हातावर आहे.

पालथं करण्यामागचं कारण साधं आहे. फुप्फुसाचा मोठा हिस्सा पाठीकडे असतो. माणूस उताणा असला की हृदयाचा आणि सुजलेल्या फुप्फुसाचा भार त्याच भागावर येतो. तो मिटतो. रक्त तिथे पोचत राहतं, पण हवा पोचत नाही. पालथं केलं की तो भाग पुन्हा उघडू लागतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, फुप्फुसं गंभीरपणे निकामी होत चाललेल्या पेशंटना रोज सलग किमान 16 तास पालथं ठेवलं गेलं. 28 दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण उताण्या ठेवलेल्यांमध्ये जवळपास 33 टक्के होतं, पालथ्या ठेवलेल्यांमध्ये 16 टक्के.

पण बेशुद्ध माणूस 16 तास एकाच स्थितीत असेल, तर मानेतून हातात उतरणाऱ्या नसा ताणल्या जातात. तो बरा होऊन शुद्धीवर येतो तेव्हा हात उचलत नाही. म्हणून एक हात वर, दुसरा अंगालगत, मान वरच्या हाताकडे, आणि ठरावीक तासांनी बाजू बदलायची. पहिल्या वर्षी पाठ केलेली ती नसांची आकृती इथे उपयोगी पडते.

(दृश्य: रिकामा वर्ग, प्रात्यक्षिकाचे पलंग.)

11 मार्च 2020 ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं. फिजिओथेरपीचे वर्ग बंद पडले, प्रात्यक्षिकं अर्धवट राहिली. ब्रिटनमध्ये तर प्रात्यक्षिक प्रशिक्षण पुरं झालेल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता यावं म्हणून तात्पुरती नोंदणी देण्यात आली.

साथीत विद्यार्थ्यांनी धावून जाणं नवं नाही. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या पेशंटना पुरतील एवढी यंत्रं नव्हती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी घालून हातानं पिशवी दाबत श्वास देण्याची पद्धत सुरू केली. ती पिशवी पाळीपाळीनं दिवसरात्र दाबत बसले ते वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखेचे विद्यार्थी, सुमारे 1500 जण. त्यांच्या हातांना थांबून चालणार नव्हतं.

कोविडमध्ये फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न मात्र उलटा होता. छातीचा आजार म्हटला की त्यांना आठवतं ते छातीवर थापट्या देऊन कफ सोडवणं, कंपनं देणं, खोकायला लावणं. वर्षानुवर्षं एकमेकांच्या पाठीवर त्यांनी हेच घोटलेलं. आणि 2020 च्या सुरुवातीलाच फिजिओथेरपी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं सांगितलं की बहुतेक पेशंटचा खोकला कोरडा आहे. कफ नसेल तर ही तंत्रं वापरू नका, त्यातून विषाणूचे तुषार मात्र उडतील. शिकलेलं असूनही हात आवरायचे, कोणत्या पेशंटला खरंच कफ साठलाय हे आधी ऐकायचं, तपासायचं. मला वाटतं, या मुलांच्या शिक्षणाची खरी परीक्षा इथे झाली.

(दृश्य: पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेला पेशंट. बोटाला ऑक्सिमीटर.)

अतिदक्षता विभागातल्या पेशंटच्या मांडीचा पुढचा स्नायू 10 दिवसांत सरासरी 18 टक्के आक्रसतो, हे कोविडच्या आधीच मोजलं गेलं होतं. म्हणून प्रकृती जरा स्थिरावली की बसवायचं, उभं करायचं. एरवी पेशंटलाच विचारतात, शून्य ते दहामध्ये दम किती लागतोय? कोविडमध्ये कधीकधी पेशंट म्हणायचा, काहीच नाही. आणि ऑक्सिमीटरचा आकडा घसरत असायचा. त्यामुळे विचारायचंही आणि आकडाही बघायचा. मिनिटभर खुर्चीतून उठबस करताना ऑक्सिजन 3 टक्क्यांनी किंवा जास्त उतरला, तर ती धोक्याची खूण. थांबायचं, वरिष्ठांना सांगायचं. तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा. धीर द्यायला चेहरा दिसत नाही. मग आवाज, आणि खांद्याखाली घट्ट धरलेला हात.

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर व्यायाम शिकवणारा विद्यार्थी.)

घरी गेलेल्या पेशंटना पुढे व्हिडिओ कॉलवर शिकवलं गेलं. खुर्ची भिंतीला टेकवा, घरातलं कुणीतरी शेजारी उभं राहू दे, आता सावकाश उठा. हातानं आधार देता येत नाही, म्हणून सूचना नेमकी द्यावी लागते. लाँग कोविडमध्ये, म्हणजे संसर्गानंतर महिनोनमहिने रेंगाळणाऱ्या त्रासात, तर आणखी एक अडचण आली. व्यायामाच्या वेळी माणूस ठीक असतो आणि थकवा, डोकं जड होणं, अंगदुखी हे सगळं दुसऱ्या दिवशी किंवा त्याहून उशिरा उसळतं. अशा पेशंटला ‘रोज थोडं वाढवा’ सांगितलं तर त्याचा त्रास वाढतो. त्याला आधी शक्ती राखून, विश्रांती घेत घेत कामं करायला शिकवावं लागतं. 2021 च्या 8 सप्टेंबरला, जागतिक फिजिओथेरपी दिनाचा विषयच लाँग कोविड आणि पुनर्वसन हा होता.

म्हणून हे विद्यार्थी कॉल संपवताना पेशंटला एक वही करायला सांगतात. आज काय केलं, उद्या कसं वाटलं, परवा कसं वाटलं. पुढचा व्यायाम ती वही वाचल्यावर ठरतो.